मांजराच्या देवळामागची वस्ती

जपान म्हटले की आपल्या समाजबांधवांच्या डोळ्यांसमोर बुद्धच उभा राहतो. भदन्त सुरेई ससाई जपानचे, कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमागे जपानी उपासिकेचे दान. त्यामुळे त्या देशात वर्ण नाही, विटाळ नाही, असा आपल्यापैकी अनेकांचा भाबडा समज आहे. हा समज किती खोटा आहे हे पुस्तकात वाचले होते. टोकियोत गेलो तेव्हा ते पायांनी चालून पाहायचे ठरवले.

आसाकुसा हा टोकियोचा जुना भाग. सेन्सोजी या प्रसिद्ध बुद्धविहारापुढे पर्यटकांची झुंबड असते. ती मागे टाकून सुमिदा नदीच्या कडेने उत्तरेला पंधरा-वीस मिनिटे चालले की इमादो नावाचे शिंतो देऊळ लागते. त्याची स्थापना १०६३ सालची सांगतात. दारात तोरी, म्हणजे खांबांची कमान. पुढे पाण्याचे कुंड. हात धुवायचे, चूळ भरायची, मगच देवापुढे जायचे. आम्ही कुंडापाशी क्षणभर थबकलो. चवदार तळे आठवले. पाणी सगळ्यांची घाण धुते, पण माणसालाच घाण ठरवले तर पाण्याने काय करावे?

या देवळाची आजची कीर्ती दोन गोष्टींसाठी आहे. एक, पंजा उंचावून ग्राहकाला बोलावणारे पांढरे मांजर. दुकानांच्या गल्ल्यांवर दिसणाऱ्या या मांजराचा जन्म इथला, असे देऊळ सांगते. दुसरी कीर्ती लग्न जुळवण्याची. तरुण मुली दुरून येतात, गोल लाकडी पाटीवर मनातली इच्छा लिहितात आणि टांगून जातात. इझानागी आणि इझानामी हे आदिम देवदांपत्य इथे आहे, म्हणून जोडीदार मिळतो अशी श्रद्धा.

आता प्रश्न असा, की हे दांपत्य इथे आले कुठून?

इमादोचे मूळ देऊळ हाचिमान या युद्धदेवाचे. १९३७ साली शेजारच्या वस्तीतले हाकुसान देऊळ त्यात विलीन केले गेले आणि नाव इमादो झाले. हाकुसान हे दैवत जपानच्या पूर्व भागातील अस्पृश्य वस्त्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर पुजले जाई. आणि ही शेजारची वस्ती साधीसुधी नव्हती. तोकुगावा राजवटीत कांतो प्रदेशातल्या सर्व अस्पृश्यांचा प्रमुख, दानझाएमोन, याच वस्तीत राहत होता. ही पदवी तेरा पिढ्या चालली. त्याच्या लोकांना 'एता' म्हणत. ज्या अक्षरांनी हा शब्द लिहीत त्यांचा अर्थ 'भरपूर घाण'! मेलेली गुरे ओढणे, कातडी कमावणे, फाशीच्या जागी राबणे ही कामे त्यांच्या माथी. आणि त्यांच्यावर हुकूम चालवायला त्यांच्यातलाच एक नेमलेला. ही युक्ती आपल्याला नवी नाही.

दानझाएमोनच्या वाड्याच्या जागी आज सरकारी हायस्कूल आहे. मुले सायकलवरून आत-बाहेर करीत होती. त्यांच्या पायांत बूट होते. शेवटचा दानझाएमोन, म्हणजे दान नाओकी, हा जपानमध्ये पाश्चात्त्य पद्धतीचे बूट बनवण्याचा उद्योग सुरू करणाऱ्यांपैकी एक. आसाकुसाच्या गल्ल्यांत आजही पादत्राणांची घाऊक दुकाने आहेत. इथल्या चामड्याच्या धंद्याची मुळे त्या वस्तीत आहेत.

१८७१ साली सरकारने मेलेल्या जनावरांवरचा त्यांचा हक्क काढून घेतला आणि त्याच वर्षी अस्पृश्यता रद्द करण्याचा फतवाही काढला. जमीन दिली नाही, भांडवल दिले नाही. फक्त नाव काढले! आणि पुढच्याच वर्षीच्या कुटुंब-नोंदवहीत कित्येकांच्या नावापुढे 'नवे सामान्यजन' असे लिहून जुनी जात ओळखता येईल अशी सोय ठेवली. ही नोंदवही पाहण्यास १९६८ साली बंदी आली. तोवर लग्नाआधी मुलाची-मुलीची सात पिढ्यांची चौकशी करणारे तिचा मनसोक्त वापर करीत होते. पुढे अशा वस्त्यांच्या नावांची छापील यादीच कंपन्यांना विकली जात असल्याचे १९७५ साली उघड झाले. नोकरीसाठी अर्ज आला की पत्ता यादीत शोधायचा. २०१६ साली बुराकूंविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा कायदा झाला. तरीही यादी प्रसिद्ध करण्याचा प्रयत्न थांबला नाही आणि २०२३ साली टोकियोच्या उच्च न्यायालयाला अनेक प्रांतांपुरती त्यावर मनाई करावी लागली.

म्हणजे पाहा! जोडीदार मिळावा म्हणून ज्या देवदांपत्यापुढे आज हात जोडले जातात ते अस्पृश्यांच्या वस्तीतून आलेले. आणि त्याच अस्पृश्यांच्या लेकरांची जुळलेली लग्ने वस्तीचे नाव कळताच मोडत आलेली. देव चालतो, भक्त चालत नाही. पंढरपुरात चोखोबाची समाधी दाराबाहेर असते, तसाच हा प्रकार.

बौद्धांनीही इथे हात झटकू नयेत. जपानमधल्या अनेक विहारांनी अस्पृश्य मृतांना मरणोत्तर नावे देताना त्यांत 'पशू' अशा अर्थाची अक्षरे घातली, थडग्यांवर कोरली. बुद्धाचे नाव घेतल्याने विटाळ आपोआप सुटत नाही. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा का दिल्या, याचे उत्तर त्या दगडांवर आहे.

बुराकूंनी मात्र फतव्यावर विसंबून राहणे सोडले. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत सुइहेशा ही त्यांची संघटना उभी राहिली. दया नको, आमची मुक्ती आम्हीच करू, ही तिची भूमिका. पाच वर्षांनी महाड झाले, आठ वर्षांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह. एकमेकांना न भेटलेली ही माणसे एकाच वाटेने चालत होती.

परतताना मनात एकच विचार होता. तिथे वस्तीचे नाव उच्चारणे हे आजही हत्यार आहे, म्हणून पुष्कळजण ते लपवतात. त्यांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. आपल्याकडे १९५६ साली बाबासाहेबांनी लाखोंना नवी ओळख दिली आणि लोकांनी वस्त्यांना भीमनगर म्हटले. महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो २०२० साली! पण शहरात घर भाड्याने घेताना आडनाव दबक्या आवाजात सांगणारे आपल्यातही आहेत आणि आडनाव ऐकून घर 'नुकतेच गेले' म्हणणारेही आहेत. नाव बदलले, विचारणारा बदलला नाही.

म्हणून बांधवांनो, फतव्याने आणि पाटी बदलल्याने काम संपले असे कुणी सांगू लागले, तर त्याला इमादोच्या देवळाची ही गोष्ट सांगा.