डेंग्यूत प्लेटलेट घटतात, मग त्या परत वाढवतं कोण?

पावसाळा सरत आला आणि घरात कुणाला ताप चढला की कन्नड तालुक्यातल्या पिशोरपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत पहिला प्रश्न एकच असतो, "प्लेटलेट किती आल्या?" रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. कुणी पपईच्या पानांचा रस सुचवतं, कुणी म्हणतं आधी पिशवीची सोय करा.

पण मुळात हा आकडा शरीर सांभाळतं कसं?

कारखाना हाडांच्या आत

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. एक प्लेटलेट जगते 7 ते 10 दिवस. म्हणजे शरीराला रोज जवळपास 10 हजार कोटी नव्या प्लेटलेट बनवाव्या लागतात.

त्या बनतात अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या पेशींपासून. 1906 मध्ये अमेरिकेतल्या जेम्स होमर राइट यांनी हे दाखवून दिलं. ही पेशी जरा वेगळीच. तिच्यातली गुणसूत्रं दुप्पट होत जातात, पण पेशीचे दोन तुकडे होत नाहीत. इतर पेशींत गुणसूत्रांचे 2 संच असतात, हिच्यात 16, 32, कधी 64. अशी फुगलेली पेशी रक्तवाहिनीत लांब शेपट्या सोडते आणि त्या तुटून हजारो प्लेटलेट तयार होतात.

ऑर्डर कोण देतं?

मुख्यतः यकृत. ते थ्रोम्बोपोएटिन नावाचं संप्रेरक बनवतं. हे संप्रेरक मज्जेतल्या पेशीवरच्या 'एमपीएल' या कुलपात किल्लीसारखं बसतं. त्याने आतलं जॅक-2 हे प्रथिन जागं होतं, ते स्टॅट प्रथिनांना कामाला लावतं आणि स्टॅट पेशीच्या केंद्रकात जाऊन ठरावीक जनुकं सुरू करतात. पेशी वाढू लागते.

आता खरी गंमत. हेच कुलूप प्लेटलेटवरही असतं. समजा, यकृत रोज साधारण तेवढ्याच भाकरी थापतं. पंगतीला प्लेटलेट भरपूर असल्या तर त्याच बहुतेक भाकरी फस्त करतात. त्या कमी झाल्या की उरलेल्या भाकरी मज्जेकडे जातात आणि उत्पादन वाढतं.

हे बटण बिघडलं तर? 2005 मध्ये जॅक-2 मधला असा एक बदल सापडला, ज्यात बटण संप्रेरकाशिवायही चालूच राहतं. काही रुग्णांत त्यामुळे प्लेटलेट वाजवीपेक्षा वाढतात आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका निर्माण होतो.

मग डेंग्यूत काय होतं?

विषाणूमुळे मज्जेचं काम मंदावतं आणि रक्तातल्या प्लेटलेटही नष्ट होतात. आजार ओसरला की मज्जा पुन्हा कामाला लागते. नव्या पेशी पिकायला काही दिवस लागतात, म्हणून आकडा लगेच उडी मारत नाही. पण बहुतेक रुग्णांत तो आपोआप वर येतो. पपईच्या रसाने जीव वाचतो, याचा भक्कम पुरावा नाही.

पिशवीचंही तसंच. बाहेरून दिलेल्या प्लेटलेट डेंग्यूत फार टिकत नाहीत. भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्राव नसेल तर 10 हजारांखाली आकडा गेल्यावरच पिशवीचा विचार होतो, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. शिवाय पिशवी साधारण 5 दिवसच टिकते, त्यामुळे गावोगावी साठा करून ठेवणं शक्य नसतं.

लक्ष कशावर ठेवायचं?

डेंग्यूत मोठा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव झिरपण्याचा. तोही बऱ्याचदा ताप उतरताना, म्हणजे घरच्यांना हायसं वाटतं तेव्हाच. पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती किंवा बेचैनी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर आकडा कितीही असो, लगेच दवाखाना गाठा. तापासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

पिशोरसारख्या गावातून मोठं रुग्णालय गाठायला वेळ लागतो. तो वेळ पिशवी शोधण्यात घालवण्यापेक्षा ही लक्षणं वेळेत ओळखण्यात घालवलेला बरा.