तोल, धीर आणि क्षीणता

एकदा पडलेली वृद्ध व्यक्ती हाड न मोडताही घरात अडकून पडते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. पुन्हा पडण्याच्या धास्तीने ती जिना टाळते, देवळात जाणे सोडते. घरची मंडळीही मायेपोटी ‘तुम्ही बसून राहा’ असा आग्रह धरतात. चालणे थांबले की मांड्यांचे स्नायू रोडावतात आणि ज्याची भीती होती, त्या पडण्याचीच शक्यता वाढते. म्हणून शरीराची क्षीणता आणि तोलाविषयीचा आत्मविश्वास या दोहोंचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करावे लागते.

क्षीणतेचे, म्हणजे वैद्यकात रूढ असलेल्या ‘फ्रेल्टी’चे, पाच निकष लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडले: वर्षभरात प्रयत्नांवाचून सुमारे साडेचार किलो किंवा अधिक वजन घटणे, थकवा, हाताची पकड दुर्बल होणे, चाल मंदावणे आणि एकूण हालचाल कमी होणे. तीन वा अधिक निकष आढळल्यास क्षीणता, एक-दोन आढळल्यास तिची पूर्वावस्था समजतात. याच्या जोडीला एक सोपी चाचणी घेता येते. खुर्चीतून उठून ३ मीटर चालावे, वळून परत यावे व बसावे. यास १२ सेकंद वा अधिक लागल्यास पडण्याचा धोका संभवतो.

आत्मविश्वास मात्र घड्याळाने मोजता येत नाही. तो विचारावाच लागतो. कॅनडातील पॉवेल व मायर्स यांनी १९९५ साली त्यासाठी १६ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. जिना चढणे, वाकून चप्पल उचलणे, गर्दीतून चालणे अशी प्रत्येक कृती तोल न जाता करण्याची खात्री किती, हे ० ते १०० टक्क्यांत सांगावयाचे व सरासरी काढावयाची. ५०पेक्षा कमी सरासरी चिंताजनक मानतात. त्यातील एक प्रश्न बर्फाळ पदपथाचा आहे. आपल्याकडे त्याऐवजी पावसाळ्यातील शेवाळलेल्या फरशीविषयी विचारणे सयुक्तिक ठरेल. परंतु प्रश्न बदलल्यास मूळ मोजपट्टीच्या गुणांशी काटेकोर तुलना करता येणार नाही, याचे भान ठेवावे.

दोन्ही मापने शेजारी ठेवली की उपायांची दिशा स्पष्ट होते. शक्ती आहे पण धीर नाही, अशा रुग्णास आधाराने चालवून धीर द्यावा. धीर आहे पण शक्ती नाही, असे आजोबा स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढू पाहतात. त्यांना स्नायूंचे व्यायाम आणि स्पष्ट समज दोन्ही हवीत. दोन्ही कमी असल्यास झोपेची व रक्तदाबाची औषधे, उभे राहिल्यावरचा रक्तदाब, दृष्टी आणि आहारातील प्रथिने तपासावीत.

कुटुंबीयांना इतकेच सांगणे आहे: न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, रात्री दिवा ठेवा, पण वडीलधाऱ्यांची रोजची फेरी बंद करू नका. जमल्यास त्यांच्यासोबत चाला.