गाडीतल्या बॅटरीवर डेस्कटॉप

फिरते कार्यालय असो की वस्तीवर जाणारा संगणकवर्ग, आधी विजेचा हिशेब मांडा.

■ गरज : साधा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून सुमारे १५० वॉट.

■ साठा : १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर बॅटरीत १,२०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरावी. इन्व्हर्टरमधली १५ टक्के घट धरता उरतात ५१० वॉट-तास, म्हणजे जवळपास साडेतीन तास काम.

■ बॅटरी : इंजिन सुरू करणारी बॅटरी यासाठी नाहीच, ती वारंवार उतरली की लवकर निकामी होते. खोल डिस्चार्ज सोसणारी सीलबंद बॅटरी वेगळी बसवा.

■ इन्व्हर्टर : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, प्युअर साइन वेव्ह.

■ जोडणी : बॅटरीतून सुमारे १५ अँपिअर प्रवाह ओढला जातो. सिगारेट लायटरच्या सॉकेटला हा भार सहसा झेपत नाही. जाड वायर थेट बॅटरीवरून घ्या. पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ फ्यूज हवाच.

■ पुण्यात : वायर, फ्यूज, कनेक्टर यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्या. त्यातले शिसे विषारी असते.