नेमबाज जिगेन : एका जपानी चित्रपटातील अबोल सोबती

साहसकथेतील नायकाचे नाव सर्वांच्या तोंडी असते. त्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या सोबत्याचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतो. वास्तविक, माणसाची पारख त्याच्या शत्रूंपेक्षा त्याच्या मित्रांवरूनच अधिक चांगली होते. वाचकहो, अशाच एका मित्राचा परिचय आज आपणांस करून द्यावयाचा आहे. त्याचे नाव जिगेन दाइसुके. हा हाडामांसाचा मनुष्य नव्हे. जपानी चित्रकारांच्या लेखणीतून आणि कुंचल्यातून तो अवतरला आहे.

फ्रेंच लेखक मॉरिस लब्लाँ ह्यांनी 1905 साली आर्सेन ल्यूपँ नावाचा एक सभ्य, चतुर चोर निर्माण केला. पुढे 1967 साली ‘मंकी पंच’ ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या काझुहिको काटो ह्या जपानी चित्रकाराने त्या चोराचा नातू कल्पिला आणि ‘ल्यूपँ तिसरा’ ही चित्रकथा सुरू केली. ह्या नातवाचा उजवा हात म्हणजे जिगेन. अंगात काळसर सूट, हनुवटीवर दाढी, डोळ्यांवर ओढलेली हॅट आणि कमरेला रिव्हॉल्व्हर, असे त्याचे रूप आहे. बोलणे मोजके आणि नेम अचूक. त्याच्या ओठांतील सिगारेट तेवढी आपल्या मुलांनी उचलू नये. बाकी त्याच्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

ह्या जपानी नेमबाजाचा चेहरामोहरा एका अमेरिकन नटावरून घेतलेला आहे. 1960 सालच्या ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ ह्या चित्रपटात जेम्स कोबर्न ह्या नटाने एका अबोल, निष्णात योद्ध्याची भूमिका केली होती. तोच जिगेनचा आदर्श. गंमत अशी, की तो अमेरिकन चित्रपट स्वतःच अकिरा कुरोसावा ह्यांच्या 1954 सालच्या ‘सेव्हन सामुराई’ ह्या जपानी चित्रपटावर आधारलेला होता. म्हणजे जपानचा तलवारबहाद्दर अमेरिकेत जाऊन बंदूकवाला झाला, आणि तेथून हॅट घालून पुन्हा मायदेशी परतला!

जिगेनच्या मैत्रीचे सर्वांत सुंदर दर्शन ‘काल्योस्त्रोचा किल्ला’ ह्या चित्रपटात घडते. तो 1979 सालच्या डिसेंबरात जपानमध्ये प्रदर्शित झाला. पुढे जगद्विख्यात झालेले दिग्दर्शक हायाओ मियाझाकी ह्यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. हाताने काढलेल्या असंख्य चित्रांतून तो साकारला आहे.

आरंभी दोघे मित्र माँटे कार्लो येथील जुगारगृह लुटून पळ काढतात. मोटार नोटांनी गच्च भरलेली असते. परंतु त्या बनावट आहेत हे ल्यूपँच्या ध्यानी येते, आणि सारी लूट वाऱ्यावर उधळून दोघे त्या नोटांच्या उगमाकडे, काल्योस्त्रो नामक चिमुकल्या काल्पनिक राज्याकडे निघतात. वाटेत त्यांच्या छोट्या फियाट गाडीचे चाक पंक्चर होते. ल्यूपँ खुशाल टपावर बसतो. चाक बदलण्याचे काम जिगेनकडे! इतक्यात वधूवेषातील एक तरुणी जिवाच्या आकांताने मोटार पिटाळीत जाते आणि तिच्यामागून गुंडांची मोटार धावते. ल्यूपँ तत्काळ त्यांच्या मागे गाडी घालतो. जिगेन त्याला एवढेच विचारतो, की बाजू कोणाची घ्यावयाची? मुलीची, हे उत्तर त्याला अपेक्षितच असते. मग वाद नाही, हिशेब नाही.

आता खरी मौज पाहा. जिगेनची कीर्ती त्याच्या अचूक नेमावर उभी. परंतु ह्या कथेत त्याची गोळीच निष्प्रभ ठरते. रात्री काउंटचे चिलखतधारी मारेकरी खाणावळीवर चाल करून येतात, तेव्हा त्याच्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या त्यांच्या अंगावरून उडून जातात. दुसरा एखादा असता तर खचला असता. जिगेन पुढील झुंजीस रणगाडाभेदी बंदूक खांद्यावर घेऊन येतो! परंतु त्याचे मोठेपण त्या बंदुकीत नाही. ल्यूपँ गोळी लागून एका वृद्ध माळ्याच्या घरी बेशुद्ध पडतो, तेव्हा हा नेमबाज त्याच्या उशाशी असतो. शुद्धीवर आल्यावर ल्यूपँ आपली जुनी हकीकत सांगतो : दहा वर्षांपूर्वी ह्याच किल्ल्यात तो जायबंदी झाला असता एका बालिकेने त्याला पाणी पाजले होते. तीच ही वधू, क्लारिस. जिगेन ते निमूटपणे ऐकून घेतो. इतकी वर्षे हे का लपवलेस, असा रुसवा तो धरीत नाही.

येथे एक प्रश्न आपल्या मनात येईल. चोराशी निष्ठा, ती कसली निष्ठा? प्रश्न रास्त आहे. महाभारतातील कर्णाएवढा धनुर्धर आणि मित्रनिष्ठ पुरुष दुर्मिळ. तरीही दुर्योधनाच्या पायी ती निष्ठा अधर्माच्या कामी आली. निष्ठा हा गुण खरा. पण ती कोणत्या कार्यास वाहिली आहे, यावर तिचे मोल ठरते. जिगेन भाग्यवान म्हणावयाचा. त्याचा मित्र लुटीसाठी निघाला आणि एका असहाय मुलीच्या मुक्ततेसाठी लढला. अखेरीस ल्यूपँ काहीही न घेता, मुलीच्या प्रेमाचाही लाभ न उठवता निघून जातो. तेव्हा गाडीत शेजारी बसलेला जिगेन त्याला सुचवतो, की तुला मागे राहावयाचे असेल तर राहा. मित्राच्या सुखासाठी त्याला मोकळे करण्याची तयारी, हीच निष्ठेची खरी कसोटी नव्हे काय?

जिगेनला आवाज देणाऱ्या कियोशी कोबायाशी ह्यांची कहाणीही त्याला शोभेशीच आहे. जेम्स कोबर्नच्या जपानी संवादांनाही त्यांचाच आवाज असे. 1971 सालच्या पहिल्या दूरचित्रवाणी मालिकेपासून ते जिगेन झाले. ल्यूपँचा आवाज असलेले यासुओ यामादा 1995 साली निवर्तले. 2011 साली इतर सहकाऱ्यांची जागाही नव्या कलावंतांनी घेतली. कोबायाशी मात्र 2021 सालापर्यंत आपल्या जागी राहिले, आणि 88 व्या वर्षी त्यांनी ती भूमिका आकिओ ओत्सुका ह्यांच्या हाती सोपवली. 2022 साली त्यांचे निधन झाले.

हा चित्रपट आपल्या पाहण्यात आला तर नायकाच्या करामती अवश्य पाहा. परंतु मधूनमधून त्याच्या शेजारच्या आसनाकडेही दृष्टी टाका. नेम चुकला, शस्त्र निकामी झाले, लूट गेली, तरी जो शेजारून हलत नाही, असा एखादा सोबती आपल्याही आयुष्यात असेल. त्याची आठवण होईल.