अकरावे कलम

अमेरिकेच्या एका जुन्या तहातले एक वाक्य मला लोक हमखास वाचून दाखवतात. मी मुसलमान, त्यातून मराठीत कविता लिहिणारा; तेव्हा ते मला आवडणारच, असा त्यांचा हिशेब असतो. आणि ते मला आवडतेही. १७९६ साली उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या त्रिपोलीशी झालेल्या तहाचे ते अकरावे कलम आहे. अमेरिकेचे सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेले नाही, मुसलमानांचे कायदे, धर्म आणि स्वस्थता यांच्याशी त्याचे वैर नाही, म्हणून धर्ममतांच्या निमित्ताने दोन्ही देशांतला सलोखा कधी मोडू नये, असा त्याचा आशय. ७ जून १७९७ रोजी सिनेटने हा तह एकमताने संमत केला आणि तीन दिवसांनी अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी त्यावर सही केली.

पण त्या वाक्यामागची हकिगत वाक्याइतकी सोज्ज्वळ नाही.

१७८३ मध्ये अमेरिका इंग्रजांपासून सुटली, तशी तिच्या गलबतांवरची इंग्रजी निशाणाची सावलीही गेली. तिजोरी रिकामी. उरलेसुरले शेवटचे लढाऊ जहाज १७८५ मध्ये विकून टाकावे लागले, आणि त्याच वर्षी अल्जिअर्सच्या चाच्यांनी ‘मारिया’ आणि ‘डॉफिन’ ही दोन अमेरिकन जहाजे धरली. एकवीस माणसे कैदेत पडली. चाचे म्हणतो खरे, पण हा राज्याच्या परवान्याने चालणारा व्यवसाय होता. युरोपातली मोठमोठी राज्येही पैसे मोजून आपली जहाजे वाचवीत. आणि मुसलमान खलाशांना पकडून गुलाम करणारी ख्रिस्ती गलबतेही त्याच समुद्रात फिरत. माल्टा बेटावरच्या नाइटांचा तर तो पिढीजात उद्योग. त्यामुळे यात धर्मयुद्ध शोधणाऱ्यांनी आधी जमाखर्चाची वही पाहावी.

१७९३ मध्ये पोर्तुगालने अल्जिअर्सशी युद्ध थांबवले. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरचा पोर्तुगीज पहारा उठला आणि थोड्याच दिवसांत आणखी अकरा अमेरिकन जहाजे पकडली गेली, शंभराहून अधिक माणसांसह. काँग्रेसने १७९४ मध्ये सहा लढाऊ जहाजे बांधण्याचा कायदा केला. पण जहाज काही महिन्यांत बांधून होत नाही. तोवर पैसा हाच मार्ग. ५ सप्टेंबर १७९५ च्या तहाने अमेरिकेने अल्जिअर्सला साडेसहा लाख डॉलरच्या आसपास रोकड कबूल केली, शिवाय दरसालची खंडणी. ही खंडणी जहाजांना लागणाऱ्या सामानाच्या रूपात द्यायची होती. म्हणजे आपली जहाजे धरणाऱ्यांची जहाजे आपणच सजवून द्यायची!

पैसे वेळेवर पोचेनात. तेव्हा तिथे वकील म्हणून गेला जोएल बार्लो. हा गृहस्थ कवी. कोलंबसावर त्याचे दीर्घकाव्य होते आणि मक्याच्या पिठाच्या घाट्यावर एक विनोदी काव्य. (दुसरे जास्त वाचनीय, असे माझे मत.) त्याने तिथल्या राज्यकर्त्याच्या मुलीसाठी एक लढाऊ जहाज भेट देण्याचे कबूल करून मुदत वाढवून घेतली, बाक्री या ज्यू सावकाराकडून उसनवारी केली आणि शहरात प्लेगची साथ असताना, जुलै १७९६ मध्ये, जिवंत उरलेले कैदी सोडवले. ‘डॉफिन’चा कप्तान रिचर्ड ओब्रायन त्यांपैकीच एक. अकरा वर्षे कैद भोगलेला हा माणूस पुढे त्रिपोलीला तह ठरवायला गेला. तहावरची तारीख ४ नोव्हेंबर १७९६. इंग्रजी मसुदा बार्लोने प्रमाणित केला. अकरावे कलमही त्याच्याच लेखणीतून उतरले, असे अनेक अभ्यासक मानतात.

आता समुद्र सोडून जमिनीकडे वळू. बरोबर पाच वर्षे आधी, ४ नोव्हेंबर १७९१ रोजी, ओहायो नदीच्या उत्तरेला वाबॅश नदीकाठी जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचा एका सकाळीत धुव्वा उडाला होता. मायामी जमातीचा लिटल टर्टल आणि शॉनी जमातीचा ब्लू जॅकेट यांच्या लोकांनी सहाशेहून अधिक सैनिक मारले. हा मुलूख १७८३ च्या तहात इंग्रजांनी अमेरिकेला देऊन टाकला होता. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारले नव्हते.

१७९३ मध्ये अमेरिकेने त्यांनाही पैसे देऊ केले. जमातींच्या सभेने दिलेले उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्याचा सारांश असा : पैशाची आम्हाला किंमत नाही. आमच्या जमिनीवर येऊन बसलेले तुमचे लोक गरीबच असणार, नाहीतर इतक्या धोक्यात राहिले नसते. ही रक्कम त्यांच्यात वाटा, सैन्यावर करणार तो खर्च त्यात घाला, म्हणजे त्यांची भरपाई होऊन वर उरेल.

उत्तर दिले सैन्यानेच. ऑगस्ट १७९४ मध्ये फॉलन टिंबर्स येथे जमातींचा पराभव झाला. पळणारे योद्धे जवळच्या इंग्रजी किल्ल्याकडे धावले. इतके दिवस त्यांना चेतवणाऱ्या इंग्रजांनी दरवाजे उघडले नाहीत. ३ ऑगस्ट १७९५ रोजी ग्रीनव्हिलला तह झाला आणि आजच्या ओहायो राज्याचा बराच मोठा भाग गेला. मोबदला वीस हजार डॉलरचा माल आणि दरसाल साडेनऊ हजारांचा. अल्जिअर्सचा साडेसहा लाखांचा तह यानंतर महिनाभरानेच झालेला. ज्याची भीती त्याला एक भाव, ज्याची जमीन हवी त्याला दुसरा.

आणि या दोन्ही व्यवहारांत आपला कवी आहे. अल्जिअर्सला जाण्याआधी तो पॅरिसमध्ये सायोटो नावाच्या कंपनीचा दलाल होता. ओहायोकाठची जमीन त्याने फ्रेंच कुटुंबांना विकली. ती कंपनीच्या मालकीची कधी झालीच नव्हती. पाचशेच्या वर माणसे समुद्र ओलांडून १७९० मध्ये तिथे पोचली, तेव्हा हातातले कागद निरुपयोगी ठरले होते आणि समोर शॉनी लोकांचा जंगल-मुलूख होता. बार्लो भोळा होता, भागीदारांनी फसवले, असे त्याची बाजू घेणारे म्हणतात. असेलही.

त्रिपोलीशी सलोखा फार टिकला नाही. तिथल्या पाशाने जास्त पैसे मागितले, १८०१ मध्ये अमेरिकन वकिलातीची निशाणकाठी तोडली आणि युद्ध झाले. १८०५ च्या नव्या तहात मुसलमानांशी वैर नसल्याचे शब्द राहिले, ख्रिस्ती धर्मावर न उभारल्याचे वगळले गेले.

आणखी एक गोष्ट. १९३० मध्ये स्नूक हुर्ग्रोन्ये या डच पंडिताने १७९६ च्या तहाची अरबी प्रत तपासली. अकराव्या कलमाच्या जागी तिथे अल्जिअर्सच्या राज्यकर्त्याने त्रिपोलीच्या पाशाला लिहिलेले एक पत्र निघाले. धर्माविषयीचे ते वाक्य अरबीत कुठेच नव्हते. ते वाचले होते फिलाडेल्फियातल्या सिनेटरांनी, इंग्रजीत, आणि एकानेही विरोधात मत दिले नव्हते.