स्पेंटवॉशचा मळ आणि स्पेंटवॉशचा रंग

मळी आंबवून डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोल काढले, की मागे साधारण 10 ते 15 लिटर स्पेंटवॉश उरतो. त्यातला सेंद्रिय मळ कुजताना किती ऑक्सिजन खाईल याचे माप म्हणजे बीओडी. स्पेंटवॉशमध्ये तो बहुधा लिटरमागे 40 ते 60 हजार मिलिग्रॅम भरतो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे 30 मिलिग्रॅमची. स्पेंटवॉश ओढ्यात शिरला तर मासे गुदमरून मरतात. त्यावर सूक्ष्मजीवांचा उपाय आहे आणि तो खरोखर चांगला आहे. मात्र त्यांच्याकडून कोणते काम होते आणि कोणते होत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

हवाबंद डायजेस्टरमध्ये काही सूक्ष्मजीव मळ फोडून आम्ले तयार करतात, तर दुसरे त्या आम्लांचा मिथेन करतात. बीओडी 80 ते 90 टक्के उतरतो, वर बॉयलरला बायोगॅस मिळतो. हे जीव फार नाजूक, कारखान्याच्या धबडग्यात टिकणार कसे, असा आक्षेप घेतला जातो. भरणा एकदम वाढवला तर आम्ल करणारे पुढे धावतात, मिथेन करणारे मागे पडतात आणि टाकी आंबट होऊन बंद पडते, हे खरेच. पण भरणा बेताने वाढवला आणि सामू रोज तपासला, तर हे टाळता येते.

रंगाचे तसे नाही. भाकरी खरपूस होते त्याच जातीच्या क्रियेतून, साखर आणि अमिनो आम्ले तापून, मेलानॉइडिन बनते. ते डायजेस्टरमध्ये फारसे पचत नाही, म्हणून मळ गेला तरी पाणी तपकिरीच राहते. लाकडाला पांढरी कूज आणणाऱ्या बुरशा प्रयोगशाळेत हा रंग बराच उतरवतात. पण त्यांना बहुधा वरून साखर द्यावी लागते आणि स्पेंटवॉश कित्येक पट पातळ करावा लागतो. सोलापूर-मराठवाड्यात त्यासाठी गोडे पाणी आणायचे कुठून? शिवाय रंग गेला तरी पोटॅश आणि इतर क्षार पाण्यातच राहतात. ते प्रेसमडच्या, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाच्या, कंपोस्टमधून शेतात जावेत, नाहीतर स्पेंटवॉश आटवून जाळल्यावर राखेतून खत म्हणून मिळावेत. मग सगळाच आटवून का जाळू नये? हा आक्षेप वजनदार आहे, कारण डायजेस्टरमधून आलेल्या पाण्यात जळण्याजोगे थोडेच उरते. तरीही जो मळ वायू होऊन आपणहून बाहेर पडतो, त्याच्यासाठी आधी वाफ खर्चून पाणी उडवत बसणे मला पटत नाही. कंपोस्टचे आवार पावसाळ्यात बंद ठेवावे लागते. तेवढ्या काळापुरती आटवण्याची सोय हवीच.

म्हणून रंग काढणारी बुरशी मिळाल्याचे कुणी सांगितले, तर गावकऱ्यांनी दोनच गोष्टी विचारून घ्याव्यात: पाणी किती पट पातळ केले, आणि पोटॅश गेला कुठे?