कायद्याची रेघ आणि आपण

तेंदूपत्त्याच्या हंगामात आमच्या घरी पैसा येई. त्यातला घरापर्यंत किती पोहोचेल, हे मात्र वाटेवरचे दुकान ठरवी. म्हणून नशेचे नियम हा विषय मला पुस्तकी वाटत नाही.

महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस आणि इतर कडक दारूसाठी पंचवीस वर्षांची अट आहे. म्हणजे आपल्या वर्गातील बहुतेकांना दोन्ही बंद. गांजा बाळगणे १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घेईल, तर त्याच कायद्यात त्याला सवलतही आहे. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. खर्रा हाही तंबाखूच! शासकीय कर्मचाऱ्याने कामावर नशेत असू नये, असे १९७९ चे वर्तणूक नियम सांगतात.

वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या जिल्ह्यातील स्त्रिया २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपुरात बंदी आली. अवैध दारू वाढली, या कारणाने ती २०२१ मध्ये उठली. कारण खोटे नव्हते. बाबांना तेव्हाही मिळे, फक्त महाग. तरी आई म्हणते, "तवा लपून पेत होते, आता उघड्यावर पेतात." तिच्या लेखी हा फरक लहान नाही.

घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. बाबांना चार शब्द सांगण्याआधी मी गेल्या दिवाळीपासून स्वतःच्या खिशातली खर्ऱ्याची पन्नी बंद केली. मित्रहो, आपणही आपला खिसा एकदा तपासून पाहावा.